दोन मुठी मीठ

इलाहीबक्षचा जन्म बर्फात झाला, असं त्याची आई हुसेनबी सांगायची. खरोखर बर्फात नव्हे. वैशाखातल्या दुपारी तिला कळा सुरू झाल्या, तेव्हा विजापूर वेशीतल्या त्या घरात एकच गार जागा होती: नवऱ्याचे कुल्फीचे हंडे ठेवलेला कोपरा. तिथं ओल्या तरटावर तिला निजवलं. पोरगं बाहेर आलं ते रडायच्या आधी शहारलं, आणि मग बराच वेळ रडलंच नाही, नुसतं बघत राहिलं. "तेव्हापासून बघतोच आहे," हुसेनबी म्हणायची. "बोलायचं म्हणून ठाऊक नाही."

बाप कुल्फीवाला. मोठ्या हंड्यात पत्र्याचे साचे उभे करायचे, भोवती फोडलेला बर्फ भरायचा आणि बर्फात खडेमीठ टाकायचं, म्हणजे बर्फ नुसता गार न राहता चावायला लागतो आणि दूध गोठतं. हे सोलापुरात पोराटोरांनाही ठाऊक होतं. पण मीठ किती आणि केव्हा, हे बाप कुणाला दिसू देत नसे. लोकांकडे पाठ करायचा, मूठ हंड्यावर न्यायचा आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत सोडायचा. "दूध कुणीपण आटवील," तो दोन्ही मुलांना सांगायचा. "धंदा मिठात आहे. मिठाचं माप घराबाहेर जाता कामा नये." मरताना त्यानं कर्जाबद्दल, जमिनीबद्दल काही सांगितलं नाही, कारण दोन्ही नव्हतं. माप मात्र पुन्हा एकदा कानात सांगितलं.

धाकटा इसूफ गाडा घेऊन हिंडू लागला. इलाहीबक्षला ते जमलं नाही. आरोळी द्यायला तोंड उघडायचा आणि सिद्धेश्वराच्या तळ्यावरून उडणारा बगळ्यांचा थवा दिसला की तोंड तसंच उघडं राहायचं. गिऱ्हाईक हसून पुढं जायचं. शेवटी तो कामगारांच्या एका दवाखान्याच्या फाटकावर पहारेकरी झाला. पाच वर्षं फाटकावर बसला. मग एकदा प्रयोगशाळेतला माणूस आजारी पडला म्हणून दोन दिवसांसाठी त्याला आत बोलावलं, आणि त्या दोन दिवसांत त्याच्या हातून काचेची एकही नळी फुटली नाही, हे पाहून डॉक्टर बिराजदारांनी त्याला आतच ठेवून घेतलं.

प्रयोगशाळा म्हणजे सात रस्त्याकडच्या बाजूला एक लांबोडकी खोली. कडप्प्याचा ओटा, नळ्यांचे लाकडी घोडे, गरगर फिरून रक्ताचे थर वेगळे करणारं यंत्र, आणि खिडकीपासून लांब, कापडाखाली, रंग मोजायचा कलरीमीटर. इलाहीबक्षला तिथं आल्यावर प्रथम वाटलं, आपण तळ्याच्या तळाशी आलो आहोत. आवाज वरून कुठून तरी येत होते. काचांमधून उजेड हिरवट होऊन पडत होता. त्याला ती जागा फार आवडली.

चौऱ्याहत्तर साली बिराजदार सरांनी नवं काम काढलं. शहराच्या पूर्वभागात चादरींचं सूत रंगवणारे कारखाने होते. तिथले कामगार दिवसभर रंगाच्या वाफेत उभे. त्या वाफेनं त्यांच्या रक्ताचं काय होतं, हे सरांना पाहायचं होतं. पहिल्या दिवशी त्यांनी दोघांना समोर बसवून समजावून सांगितलं. एक इलाहीबक्ष, आणि दुसरी नवी आलेली, अजून हंगामी असलेली तंत्रज्ञ दाक्षायणी.

"रक्तात थायॉल म्हणून असतात. गंधक असलेले रेणू. अंगात विष शिरलं की हे पुढं होतात, स्वतः झिजतात आणि पेशींना वाचवतात. किती शिल्लक आहेत ते आपण मोजायचं."

"म्हणजे पहारेकरी," इलाहीबक्ष म्हणाला.

सर हसले. "तसंच समज. पण भित्रे पहारेकरी. रक्त अंगाबाहेर काढलं, हवा लागली, ऊन लागलं, की पळतात. म्हणून रक्त काढल्यापासून इथं येईपर्यंत गार पाहिजे. जितकं गार तितकं चांगलं. ते तुझं काम."

त्या रात्री इलाहीबक्षला झोप लागली नाही. काडेपेटीच्या गुलात असतं ते गंधक आपल्या अंगात आहे, ही गोष्ट त्याला अंधारात उजळ दिसत राहिली. त्यानं मनगट नाकाशी नेऊन वास घेतला. शेजारी निजलेल्या बायकोनं, रुक्सानानं विचारलं, "क्या सूँघ रहे जी?"

"पहारेकरी," तो म्हणाला. ती कूस बदलून झोपली. अशा उत्तरांची तिला सवय होती.

मग कामाची एक लय बसली. आठवड्यातून दोनदा इलाहीबक्ष पहाटे कारखान्यातून बर्फाची लादी आणायचा, तरटात गुंडाळून फोडायचा, लाकडी पेटीत भुश्यावर रचायचा. पेटी सायकलला बांधून भद्रावती पेठेत जायचा. दाक्षायणी तिथं आधीच आलेली असायची. रंगाऱ्यांच्या कोपरापर्यंत रंगलेल्या हातांतून, कुणाचा निळा, कुणाचा पिवळा, कुणाचा जांभळा, ती शीर शोधायची. निळ्या हातातून लाल रक्त येताना पाहून इलाहीबक्ष दर वेळी नव्यानं थक्क व्हायचा.

रंगाऱ्यांत बिरप्पा म्हणून एक होता, बोलण्यात कुणाला न ऐकणारा. "बाई, लई घेताय की रगत," तो म्हणायचा. "परत चादर रंगवायला आणू नका म्हंजी झालं."

"तुमचा रंग कच्चा आहे हो बिरप्पा," दाक्षायणी सुई काढता काढता म्हणायची. "पहिल्या धुण्यात जाईल."

"आन् सुई लागली कवा? मला कळलंच न्हाय!"

खरंच कळायचं नाही. तिचा हात तसा होता. अक्कलकोटच्या बाजूची, कानडी वळणाचं मराठी बोलणारी, गळ्यातल्या इष्टलिंगाच्या डबीला सुई टोचण्याआधी एकदा नकळत बोट लावणारी. नवऱ्यानं टाकली, तेव्हा बापाघरी न राहता आई गौरम्माला घेऊन ती सोलापुरात आली, कोर्स केला, भाड्याची खोली घेतली. बिराजदार सर जूनमध्ये तिला कायम करण्याचा कागद वर पाठवणार होते. त्या कागदावर आई-लेकींची खोली उभी होती.

रक्त काढून झालं की इलाहीबक्ष पेटी घेऊन सायकलनं पुढं, दाक्षायणी उरलेलं आवरून मागाहून बसनं. ती येईपर्यंत तो नळ्या घोड्यावर लावून ठेवायचा. मग यंत्र फिरायचं. तांबड्या पेशी खाली बसायच्या आणि वर प्लाझ्मा उरायचा, स्वच्छ, तिळाच्या तेलासारखा. तो नेमका मापून वेगळ्या नळीत घेतला, त्यात तपकिरी बाटलीतलं रसायन टाकलं, की नळीत पिवळा उजेड पडायचा. जितकं गंधक तितका रंग गडद. रंगाऱ्यांच्या नळ्या फिकट पडत होत्या, दवाखान्यातल्या कारकुनांच्या गडद. सर कलरीमीटरवरचे आकडे लिहीत गेले. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला.

होळी झाली आणि ऊन आलं. सोलापूरचं ऊन पडत नाही, ते येऊन बसतं. भद्रावती पेठेतून सात रस्त्याला येईपर्यंत पेटीतलं अर्धं पाणी व्हायला लागलं. सायकल चालवताना पाठीमागं पेटीत पाणी डुचमळे आणि इलाहीबक्षला वाटे, पहारेकरी उतरून चालले, एकेक करून, रस्त्याच्या कडेनं. एका सकाळी पेटी भरताना त्याचा हात आपोआप घरातल्या मिठाच्या मडक्यात गेला. त्यानं इकडं तिकडं पाहिलं, भिंतीकडं पाठ केली, ओठांतल्या ओठांत बापाचं माप म्हटलं. दोन मुठी. वरून भुसा.

त्या दिवशी पेटी उघडली तेव्हा बर्फ जसाच्या तसा होता आणि नळ्यांवर पांढरं धुकं धरलं होतं. खालच्या ओळीतल्या नळ्यांत रक्त घट्ट झालं होतं, गडद, मखमली, बुडापासून अर्ध्यापर्यंत. इलाहीबक्षला बाप आठवला. साचा दोन तळव्यांत धरून चोळायचा, म्हणजे कुल्फी सुटून येते. त्यानं नळ्या एकेक करून तशाच तळव्यांत चोळल्या. रक्त सुटलं, हललं, पुन्हा वाहतं झालं. दाक्षायणी आली तेव्हा सगळ्या नळ्या घोड्यावर हारीनं उभ्या होत्या. यापेक्षा गार काही असू शकत नाही, या समाधानात तो खिडकीशी बसला होता. मिठाचं कुणाला सांगायचा प्रश्नच नव्हता. माप घराबाहेर जात नसतं.

यंत्र थांबलं. दाक्षायणीनं झाकण उघडलं आणि तिचा हात तिथंच राहिला. वीसपैकी अकरा नळ्यांत तेलाचा रंग नव्हता. वरचं पाणी लाल होतं, जास्वंदीच्या पाण्यासारखं.

"पेशी फुटल्यात," बिराजदार सर नळी उजेडात धरून म्हणाले. "पेशींच्या आतलं गंधक बाहेर आलं, लाल रंग वेगळाच. आता यात आकडा काय येईल तो खोटा." त्यांनी तरीही मोजून पाहिलं. आकडा भलताच मोठा आला. "बघा. या हिशोबानं तुमचा बिरप्पा आपल्या सगळ्यांपेक्षा ठणठणीत." त्यांनी नळ्या मोरीत ओतायला सांगितल्या. मग दाक्षायणीकडं वळून म्हणाले, "सिरिंजचा पिस्टन जोरात ओढता तुम्ही. बारीक सुईतून रक्त ओरबाडल्यासारखं आलं की पेशी फुटतात. हात हलका ठेवा."

पुढच्या खेपेलाही तेच. त्याच्या पुढच्याही. कधी आठ नळ्या, कधी तेरा. सुया बदलल्या. नळ्या दोनदा धुतल्या. इलाहीबक्षला सायकल सावकाश चालवायला सांगितलं. तो खड्डा आला की उतरून पेटी पोटाशी धरून चालू लागला, आणि वेळ जास्त लागतो म्हणून मिठाची मूठ जरा उदार सोडू लागला.

दाक्षायणी गप्प झाली. दुपारी सगळे जेवायला गेले की ती वाटीत पाणी घेऊन बसायची, सुई बुडवून पिस्टन ओढायची, इतक्या हळू की पाणी चढताना दिसायचं नाही. पुन्हा सोडायची. पुन्हा ओढायची.

"इलाहीचाचा," ती एकदा म्हणाली, "माझा हात जड झालाय का हो?"

"नाही बाई. बिरप्पाला विचारा."

"बिरप्पाला कळत नाही. रक्ताला कळतंय." तिनं हात उलटा करून पाहिला, दुसऱ्या कुणाचा तरी ओट्यावर विसरलेला असावा तसा. "आईनं काल पापड लाटताना सांगितलं, तुझा हात जड आहे, पापड फाटतोय. मी हसले. मग रडले."

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात सरांनी तिला बोलावलं. इलाहीबक्ष नळ्या पुसत होता, त्याला ऐकू आलं. शनिवारी शेवटची वीस माणसं. रंगारी आता कंटाळलेत, पुन्हा हात पुढं करणार नाहीत. शनिवारचं रक्त लाल निघालं तर पुण्याहून माणूस मागवावा लागेल. "आणि कायम करण्याच्या कागदावर मला खरं ते लिहावं लागेल, बाई. हात जड आहे, हे लिहावं लागेल."

ती "हो सर" म्हणाली. एवढंच.

शुक्रवारी दुपारी इलाहीबक्ष घरी आला तेव्हा हुसेनबी उन्हानं पडून होती. दोन दिवस तिच्या तोंडात अन्नाचा कण नव्हता. गार डाळिंब खाईन म्हणाली होती, म्हणून रुक्सानानं दाणे काढून वाटीत घातले होते आणि वाटी इसूफच्या हंड्यात, साच्यांच्या मध्ये, खारट बर्फात बसवून ठेवली होती. मग ती विसरली. आता वाटी काढली तर दाणे गोठून माणकांसारखे खणखणत होते. "अब्बी नरम होते, अम्मा," म्हणत तिनं वाटी उन्हाच्या कवडशात ठेवली.

इलाहीबक्ष बघत बसला. बघणं हेच त्याला येत होतं. माणकांवरचं धुकं विरलं. मग दाण्यांची झळाळी गेली. दाणे बसके झाले, सुरकुतले, आणि वाटीच्या बुडाला लाल पाणी साठायला लागलं. कुणी बोट लावलं नव्हतं. कुणी पिळलं नव्हतं. दाणे आपोआप रिकामे होत होते.

"अजी, देखो तो, सब पानी हो गया," रुक्साना हळहळली.

"होणारच की," हुसेनबी डोळे मिटूनच म्हणाली. "तुझा सासरा कधी अख्खं फळ हंड्यात घालत होता का? आंबा असू दे, सीताफळ असू दे, आटवून, घोटून. जितं फळ मिठाच्या बर्फात गोठलं ना, की आतून फुटतं. मग जागं झालं की रडतं. आण ती वाटी. रस तर रस."

इलाहीबक्षनं वाटी तिच्या ओठांशी धरली. लाल पाणी वाटीच्या काठाशी येऊन पुन्हा मागं जात होतं. मखमली रक्त त्याला दिसलं, आपल्या दोन तळव्यांत सुटणारं. अकरा नळ्या. आठ. तेरा. पहारेकरी पळाले नव्हते. त्यानंच घर फोडून त्यांना बाहेर काढलं होतं. आणि त्या खोलीत एक बाई वाटीतलं पाणी ओढत बसली होती.

शनिवारी पहाटे मिठाच्या मडक्यावर त्यानं पाटा ठेवला. दुप्पट बर्फ घेतला, भुसा ओला केला, नळ्यांच्या भोवती कापड गुंडाळलं. भद्रावती पेठेत बिरप्पानं निळा हात पुढं केला.

"ह्यो शेवटचा बरं का बाई. आता रगत संपलं. आता नुसता रंग हाय आत."

दाक्षायणी हसली नाही. डबीला बोट लावलं, ते नेहमीपेक्षा जास्त वेळ तिथं राहिलं.

परतीच्या वाटेवर इलाहीबक्षनं पेटीत पाणी डुचमळताना ऐकलं, पण अजून बर्फाचा आवाजही त्यात होता. तो सायकल मारत राहिला. एक गोष्ट त्याला तळ्याच्या पाण्यासारखी स्वच्छ दिसत होती: काहीच बोलायची गरज नव्हती. आज रक्त चांगलं निघेल. लोक म्हणतील, सुधारली. जून येईल. बापाचं माप बापाबरोबर राहील आणि तोही तळ्याच्या तळाशी राहील, फाटकावर परत जाणार नाही.

यंत्र थांबलं. वीसच्या वीस नळ्या तिळाच्या तेलासारख्या.

बिराजदार सरांनी एकेक नळी उजेडात धरली. त्यांचा चेहरा सैलावला. "बघा बाई. समज दिली की हात हलका होतो. या महिन्याचं निभलं. पण आधीच्या इतक्या खेपा वाया गेल्या, तो शेरा मला खोडता यायचा नाही. पुढं कायमचं काय होतं, बघू."

"हो सर," दाक्षायणी म्हणाली. तिनं उजवा हात डाव्या हातात धरला होता, आणि तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. आपला हात आपल्याला न विचारता बिघडतो आणि न विचारता सुधारतो, अशा माणसाची भीती होती.

"साहेब," इलाहीबक्ष म्हणाला.

दोघं वळले. तो सहसा स्वतःहून बोलत नसे.

"बाईचा हात जड नव्हता. बर्फात मीठ होतं. मी घालत होतो."

"मीठ?"

"कुल्फीला घालतात तसं. जितकं गार तितकं चांगलं म्हणालात ना. खालच्या नळ्या गोठायच्या. मी तळव्यात चोळून सोडवायचो. आज नाही घातलं."

सरांनी हातातली नळी घोड्यावर ठेवली. मग खुर्चीत बसले. "गोठलं की पेशी फुटतात, इलाहीबक्ष. हे... हे मी सांगायला पाहिजे होतं का तुला?" उत्तराची वाट न पाहता ते म्हणाले, "पण आज तुला बाईंची दया आली म्हणून बोलतोयस असंही असेल. मी कशावरून मानू?"

इलाहीबक्षनं बाही वर सारली. "माझं काढा. दोन नळ्या. एक साध्या बर्फात, एक मिठाच्या. माप मी सांगतो."

दाक्षायणीनं त्याच्या दंडाला रबर बांधलं. तिची बोटं गार होती. त्यानं डोळे मिटले, सुई कधी लागेल याची वाट पाहत, आणि वाट पाहत असतानाच ती म्हणाली, "झालं चाचा." दोन्ही नळ्या भरल्या होत्या.

सरांनी दवाखान्याच्या स्वयंपाकघरातून खडेमीठ मागवलं. दोन डबे, दोन नळ्या. अर्धा तास तिघंही डब्यांपाशी बसले. बाहेर ऊन बसलं होतं, आत काचांमधून हिरवट उजेड. मग मिठाच्या डब्यातली नळी काढली, तिच्यावर धुकं होतं. इलाहीबक्षनं ती तळव्यांत धरली आणि स्वतःचं रक्त स्वतः चोळून सोडवलं.

यंत्र फिरून थांबलं. दाक्षायणीनं दोन नळ्या शेजारी शेजारी घोड्यावर लावल्या. एकीत वर तीळतेल, दुसरीत जास्वंद. सुई एकच, शीर एकच, हात एकच.

 उजवा हात तिनं चेहऱ्याजवळ नेला आणि त्यावर गाल टेकला, खूप दिवसांनी घरी आलेल्या कुणाच्या खांद्यावर टेकावा तसा.

सर उठले. टेबलाच्या खणातून तिला कायम करण्याचा कागद काढून त्यातली शेऱ्याची ओळ त्यांनी खोडली, शेजारी सही केली, कागद परत ठेवला. मग आधीच्या खेपांची वही दाक्षायणीपुढं सरकवली. "कारण लिहा. पुढं कुणी वाचेल त्याला कळलं पाहिजे. आणि इलाहीबक्ष, सोमवारी सगळ्या रंगाऱ्यांना पुन्हा पटवायला तूच जायचं. बिरप्पाच्या शिव्या तू खायच्या. हीच शिक्षा."

"खातो साहेब."

तिनं पेन उघडलं. "चाचा, माप किती?"

त्याची मान आपोआप भिंतीकडं वळायला लागली. तिथं बाप उभा असल्यासारखा तो क्षणभर थांबला. मग पाठ न करता, सरळ तिच्याकडं तोंड करून, मोठ्यानं म्हणाला, "पेटीला दोन मुठी. उन्हाळ्यात अडीच. पहिली मूठ बुडाला, दुसरी बर्फ एकदा पाझरला की."

तिनं लिहून घेतलं आणि खाली रेघ ओढली. तोवर सरांनी साध्या बर्फातल्या नळीतला प्लाझ्मा मापून त्यात तपकिरी बाटलीतलं रसायन टाकलं होतं. इलाहीबक्ष वाकला. नळीत हळूहळू पिवळं उजाडत होतं, हळदीच्या पाण्यासारखं, मग त्याहून दाट. त्याचे स्वतःचे पहारेकरी होते ते. सगळे जागेवर होते.

"चांगला गडद आहे की हो," दाक्षायणी म्हणाली.

तो बघत राहिला.